असर ते मगरिब : लेकरांचा वेळ



या सदरात आपण बहुतेक वेळा घराच्या चार भिंतींच्या आतलं बोलतो. सासू-सुनेचं, शिक्षणाचं, खर्चाचं, दस्तरखानाचं. या महिन्यात उंबरठा ओलांडू या. विषय साधा आहे : लहान मुलांना घेऊन घराबाहेर, मोकळ्या हवेत वेळ घालवणं. कुणी म्हणेल, यात लिहिण्यासारखं काय आहे? पोरं तर बाहेर खेळतातच.

खेळतात का? आपल्या परभणीच्या कुठल्याही मोहल्ल्यातल्या सहा वर्षांच्या मुलाचा दिवस मोजून पाहा. फजरनंतर मकतब. तिथून आलं की डबा, दप्तर, शाळा. शाळेतून आलं की ट्यूशन. ट्यूशन सुटली की अम्मीचा मोबाइल. गल्लीत दोन्ही बाजूंनी मोटारसायकली उभ्या, उरलेल्या जागेतून ऑटो जातो. जिथे मोकळं मैदान होतं तिथे प्लॉट पडले, घरं उठली. लेकरू दिवसभर कुठे ना कुठे बसलेलं असतं : चटईवर, बाकावर, सतरंजीवर, पलंगावर. धावायची जागा आणि धावायची वेळ, दोन्ही त्याच्या दिवसातून निघून गेल्या आहेत. मुलगी असेल तर विचारूच नका.

आपण म्हणतो, आम्ही नेतो की! फेब्रुवारीच्या सुरुवातीला हजरत तुराबुल हक शाह (रह.) यांच्या उरुसात पाळण्यात बसवतो. सुट्टीत गाडी करून खुलताबाद-दौलताबाद दाखवून आणतो. त्यात वाईट काहीच नाही. पण वर्षातून दोनदा होते ती दावत झाली. रोजच्या भाकरीचं काम दावत करत नाही. आमचं म्हणणं एवढंच आहे की लहान मुलाला मोकळी हवा भाकरीसारखी लागते : थोडी, साधी आणि नेमानं.

त्यासाठी आपल्या दिवसात एक वेळ आधीपासूनच ठरलेली आहे. असर ते मगरिब. हिवाळ्यात आपल्याकडे सूर्य पावणेसहाच्या आसपास मावळतो, जूनमध्ये सातच्या सुमारास. ऊन उतरलेलं असतं, अंधार पडलेला नसतो. हा तास-दीड तास लेकरांचा, असं घरात एकदा ठरवून टाकलं की निम्मं काम झालं.

नबींचं बालपण उघड्यावर गेलं

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या बालपणाची हकीकत आपण सीरतच्या जलशांत ऐकत आलो आहोत. मक्केतल्या चांगल्या घराण्यांत रीत होती की तान्हं बाळ वाळवंटात राहणाऱ्या कबिल्यातल्या दाईकडे सोपवायचं. मोकळ्या हवेत त्याचं अंग काटक व्हावं, जबान शुद्ध व्हावी. आपले नबी (स.) बनू सअद कबिल्यातल्या हलीमा सअदिया (रजि.) यांच्याकडे वाढले. दूधभावंडांबरोबर खेळले, कोकरांच्या मागे फिरले. पुढे त्यांनी मक्केवाल्यांच्या शेळ्या-मेंढ्या थोड्या मजुरीवर चारल्या, आणि शेळ्या-मेंढ्या चारल्या नाहीत असा एकही नबी झाला नाही, असं त्यांनी स्वतः सांगितल्याचं बुखारी शरीफमध्ये आहे. म्हणजे ज्यांच्यावर माणसांची जबाबदारी टाकायची होती, त्यांना अल्लाहनं आधी माळरानावर नेलं.

स्वतः नबी (स.) मुलांशी कसे वागत? नातवंडांपैकी एक जण सजद्यात पाठीवर चढून बसलं, तर ते उतरेपर्यंत त्यांनी सजदा लांबवला. ह. अनस (रजि.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर याच्याकडे एक चिमणीएवढा पक्षी होता. तो मेला आणि पोरगं उदास बसलं, तेव्हा नबींनी (स.) त्याला जवळ घेऊन त्या पक्ष्याची विचारपूस केली. आपल्याला मोठमोठ्या कामांतून सवड होत नाही, असं आपण म्हणतो. उम्मतीचं काम ज्यांच्या खांद्यावर होतं, त्यांना एका लहान मुलाच्या पक्ष्यासाठी सवड होती.

आणि कुरआन? त्यात जागोजागी 'पाहा' म्हटलं आहे. सूरह गाशियात उंट कसा घडवला, आकाश कसं उंचावलं, डोंगर कसे रोवले आणि जमीन कशी अंथरली याकडे पाहायला सांगितलं आहे. एका सूरहचं नाव मधमाशी, एकीचं मुंगी, एकीचं कोळी. आपली मुलं या सूरहंची नावं घडाघडा सांगतात. मुंग्यांची रांग मात्र त्यांनी शेवटची कधी बसून पाहिली?

डोळ्यांचं आणि हाडांचं

दीनबरोबर दुनियेचा हिशेबही पाहू. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या. त्यांत ३ ते ४ वर्षांच्या मुलानं दिवसभरात मिळून किमान ३ तास हालचाल करावी, त्यातला किमान १ तास धावण्या-उड्या मारण्यासारखा जोराचा असावा, असं आहे. पडद्यासमोर बसणं १ तासाच्या वर नको, कमी झालं तर उत्तम. एका वर्षाच्या बाळाला तर पडदा नकोच. पाच वर्षांपुढच्या मुलांसाठी रोज किमान १ तास दमवणारा खेळ हा हिशेब आहे.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. लांबचं न दिसल्यानं चष्मा लागलेली मुलं आता पहिली-दुसरीच्या वर्गातही दिसतात. चीनमधल्या ग्वांगझू शहरात १२ शाळांतल्या पहिलीच्या मुलांवर तीन वर्षं एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांत रोज ४० मिनिटांचा एक तास जास्तीचा ठेवला, तोही वर्गाबाहेर, उघड्यावर. तीन वर्षांनी पाहिलं तर उघड्यावर वेळ मिळालेल्यांपैकी साधारण ३० टक्के मुलांना लांबच्या नजरेचा दोष झाला होता, आणि बाकी शाळांत तोच आकडा साधारण ४० टक्के. औषध नाही, खर्च नाही, फक्त ४० मिनिटं दिवसाचा उजेड. असर ते मगरिब यात ४० मिनिटं आरामात बसतात.

लांब जायची गरज नाही

आपल्या जिल्ह्यात नऊ तालुके आहेत. परभणी शहर सोडलं तर जिंतूर, सेलू, पाथरी, मानवत, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा यांपैकी कुठल्याही गावात घरातून निघून थोडं चाललं की शेत लागतं. मुंबई-पुण्याच्या मुलाला जे पैसे देऊन दाखवावं लागतं, ते आपल्या दाराशी आहे.

परभणीत राहणाऱ्यांना राजगोपालाचारी उद्यान आहे. कृषी विद्यापीठाच्या बाजूचे झाडांचे रस्ते आहेत, जिथे सकाळी लोक फिरायला जातात. हे विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी स्थापन झालं, पुढे त्याला वसंतराव नाईकांचं नाव मिळालं. मुलांना सांगा, तुमच्या ताटातली भेंडी आहे ना, तिची 'परभणी क्रांती' नावाची जात इथे तयार झाली आणि देशभर पेरली गेली. आपल्या गावाचं नाव एका भाजीला आहे, ही गोष्ट पोरं विसरत नाहीत. प्रयोगाच्या वाफ्यांत मात्र पाय ठेवायचा नाही, काही तोडायचं नाही. रस्त्यावरून पाहायचं. १८ मे आणि १७ सप्टेंबरला विद्यापीठात शेतकरी मेळावा भरतो. मुलाला खांद्यावर घेऊन तिथे एक फेरी मारायला हरकत नाही.

डिसेंबर-जानेवारीत हुरडा असतो. बहुतेक घरांचा कुणी ना कुणी शेतकरी दोस्त असतोच : शाळेतला सोबती, बाजारातला ओळखीचा, दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. त्याला आधी विचारायचं, घरचा डबा न्यायचा, आणि आगटीत भाजलेली कणसं मुलांच्या हातांनी चोळून काढायची. कोवळे दाणे हातावर मळून, फुंकर मारून खायला चार वर्षांचं पोरही शिकतं. शेत दुसऱ्याचं असतं, ती अमानत आहे. एक कणीसही न विचारता मोडायचं नाही, हा सबक तिथे जितका पक्का बसतो तितका मकतबच्या चटईवर बसत नाही.

आणि कुठेच जाणं जमलं नाही तर? तर गच्ची आहे, ईदगाहचं मैदान आहे, शाळेचं पटांगण आहे. जागा लहान असली तरी चालते, पण वर आकाश पाहिजे.

काय करायचं तिथे?

बऱ्याच अम्मी-अब्बांची अडचण हीच असते. मुलाला बाहेर नेलं, आता पुढे काय? म्हणून काही साध्या गोष्टी सांगतो. एकालाही पैसे लागत नाहीत.

*तीन वर्षांखालची :* यांना काही शिकवू नका. अनवाणी मातीत सोडा. आपली माती काळी, कापसाची. हातात ढेकूळ द्या, थोडं पाणी घाला, गोळा करू द्या. कपडे मळतील, धुता येतात. बाळाच्या तोंडात काय जातं यावर तेवढं लक्ष ठेवा.

*तीन ते सहा :* यांना 'का' विचारायचं असतं. उन्हाळ्यात याच काळ्या मातीला भेगा पडतात. भेगेत काठी घालून किती खोल जाते ते मोजायला सांगा. पावसाळ्यात तीच भेग शोधा, मिटलेली असते. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. मग सांगा, सूरह हिज्रमध्ये माणसाला काळ्या गाऱ्याच्या वाळलेल्या मातीपासून बनवल्याचं आलं आहे. मूल आपल्या हाताकडे आणि मातीकडे पाहील. त्या पाहण्यावर जास्त बोलू नका, राहू द्या.

*सहा ते दहा :* यांच्यासाठी सावलीचा खेळ. मैदानात एक सरळ काठी रोवा. दुपारी सावली सगळ्यात लहान असते तेव्हा तिथे खडा ठेवा, आणि तिची लांबी लक्षात ठेवा. मग सावली वाढताना पाहायची. दुपारच्या त्या सावलीत काठीच्या दुप्पट लांबीची भर पडली की हनफी घरांत असरची वेळ होते. शाफई मसलकात काठीच्या एकपट लांबीची भर पडली की होते, म्हणून कोकणातल्या आपल्या शाफई भावांची असर लवकर असते. दोन्ही वेळा एकाच काठीवर दाखवता येतात. मसलक वेगळे, सूर्य एकच, हे मुलाला न भांडता कळतं.

किबला शोधू द्या. आपल्याकडून काबा पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे कलता. हिवाळ्यात सूर्य थोडा दक्षिणेला झुकून मावळतो, म्हणून मावळत्या सूर्याकडे तोंड केलं तर किबला आपल्या उजव्या हाताला सरकलेला असतो. मोबाइल न काढता मुलानं दिशा सांगितली, मुसल्ला अंथरला आणि सगळ्यांनी त्यामागे असर पढली, तर तो दिवस त्याचा होतो. सारी जमीन आपल्यासाठी मस्जिद केली गेली आहे, हे हदीसमधलं वाक्य त्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

पक्षी पाहा. विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे लोंबलेले असतात. नर पावसाळ्यात अर्धा खोपा विणतो, मादी येऊन पाहते, पसंत पडला तरच तो पुरा होतो. अर्धवट सोडलेले खोपे दाखवा, मुलं हसतात. पण अंडी-पिल्लांना हात नाही. सफरीत काही जणांनी एका पक्षिणीची पिल्लं उचलली, ती वर घिरट्या घालू लागली, तेव्हा नबींनी (स.) ती पिल्लं आईला परत द्यायला लावली होती. ही हदीस त्या बाभळीखाली सांगा.

पहिल्या पावसात मातीवर लाल मखमली मृगाचे किडे निघतात, आपल्या दादी-नानी त्याला बीरबहुटी म्हणतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो. थंडीत बोरं, मग चिंचा, पावसाच्या तोंडावर लिंबोळ्या. लिंबोळी मातीत पुरायला सांगा. कुणी झाड लावलं आणि त्यातून माणसानं, पाखरानं, जनावरानं खाल्लं तर ते लावणाऱ्याच्या नावे सदका होतं, ही हदीस आहे. पाच वर्षांच्या मुलाचंही सदक्याचं खातं उघडतं.

खेळ तर आहेतच : लगोरी, लंगडी, लपाछपी, विटीदांडू. जानेवारीत पतंग. नायलॉनचा मांजा मात्र घरात आणूच नका. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्येच त्यावर देशभर बंदी घातली आहे, त्यानं पाखरांचे पंख आणि मोटारसायकलवाल्यांचे गळे कापले जातात. आणि महिन्याची २९ तारीख आली की सगळं घर गच्चीवर चाँद पाहायला. फक्त रमजान-ईदचा नाही, प्रत्येक महिन्याचा. मुलाला इस्लामी महिने तोंडपाठ करवायची ही सगळ्यात सोपी रीत आहे.

मुलगी आणि तिची अम्मी

आता जे बोलायचं आहे ते थोडं जड आहे.

आपल्या मोहल्ल्यांत पाच वर्षांची मुलगी भावाबरोबर धावते. सात वर्षांची झाली की 'जरा घरात बस' सुरू होतं. नऊ-दहाची झाली की बाहेरचं खेळणं बंद. भाऊ मैदानात, ती खिडकीत. कुणी तिला मारत नाही, कुणी ओरडत नाही, पण एक दिवस तिचं धावणं थांबतं आणि घरात कुणाच्या ते लक्षातही येत नाही. तिची अम्मी तर त्याआधी पंचवीस वर्षांपूर्वीच थांबलेली असते. आज ती जिना चढताना दमते, गुडघे धरते, आणि औषधाची पिशवी सांभाळते.

यामागे दीन आहे असं आपण समजतो. दीनमध्ये काय आहे ते पाहा. नबी (स.) सफरीत काफिल्याला पुढे जायला सांगून ह. आयेशा (रजि.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावत. एकदा त्या जिंकल्या, पुढे कधी नबी (स.) जिंकले, आणि ही आधीच्या हरण्याची परतफेड, असं ते हसून म्हणाले. ह. अस्मा बिन्त अबू बक्र (रजि.) दूरच्या जमिनीवरून खजुराच्या बिया डोक्यावर घेऊन चालत घरी येत.

आणि त्याही आधी बीबी हाजरा (अलै.). तान्हं बाळ मातीवर ठेवून एक आई सफा-मरवाच्या मध्ये धावली. सात वेळा. अल्लाहला तिचं ते धावणं इतकं पसंत पडलं की आजतागायत प्रत्येक हाजी, मग तो आलिम असो की बादशाह, तिच्या पावलांवर चालतो. आपल्या दीनच्या एका मोठ्या इबादतीची सुरुवात लहान लेकराला घेऊन उघड्यावर असलेल्या एका आईपासून झाली आहे. मग आपल्या घरातल्या आईनं लेकराला घेऊन मैदानावर जाणं हे वावगं कसं?

पडदा, हया, मर्यादा हे सगळं जागेवर आहे, आम्ही त्यावर बोट ठेवत नाही. ते सांभाळूनच वाट काढायची आहे. आमच्या ओळखीच्या काही घरांनी ती अशी काढली : शेजारच्या चार घरांनी वार वाटून घेतले. दोन बायका मिळून चारी घरांची लहान मुलं, मुली धरून, असरनंतर जवळच्या मैदानात नेतात, मगरिबच्या आधी परत. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दोघी. आठवड्यातला एक दिवस अब्बा लोकांचा. एकटी बाई गेली तर चार नजरा वळतात, दोघी-तिघी आणि दहा लेकरं गेली तर पंधरा दिवसांत सगळ्यांना सवय होते. सुरुवातीला एक-दोन सासवा कुरकुरल्या. मग त्यांनाच सोबत नेलं. आता त्याच आधी चपला घालून तयार असतात.

एक अडचण खरी आहे आणि ती कुणी बोलत नाही : बायकांसाठी संडास-बाथरूम. लांब जाताना ठिकाण ठरवतानाच हे ठरवा. वाटेत कुणाचं घर आहे, कुठल्या मस्जिदीत बायकांसाठी सोय आहे, पेट्रोल पंप कुठे आहे. पंपावरचं शौचालय सगळ्यांना मोफत खुलं असतं, संकोच करायचं कारण नाही. ही सोय आधी पाहिली नाही म्हणून कितीतरी अम्मी दिवसभर पाणी न पिता सहली करतात, आणि पुढच्या वेळी येत नाहीत.

अब्बांना एक सांगायचं आहे. दुकान, गाडी, मजुरी यातून रोज जमत नाही हे कबूल. पण आठवड्यातून एक असर मुलांच्या नावे लिहून टाका. त्या वेळी फोन खिशात. आणि मुलीलाही न्या. ज्या मुलीचा हात धरून अब्बा मैदानात गेले, तिच्या मैदानात जाण्याला मोहल्ल्यात कुणी बोल लावत नाही.

काळजी कुठे घ्यायची

*पाणी.* आपल्या जिल्ह्यातून गोदावरी वाहते, पूर्णा वाहते, दुधना वाहते. गोदावरीवर ढालेगाव, मुद्गल, दिग्रस असे बंधारे आहेत. तिथलं पाणी संथ दिसतं आणि खोल असतं. वाळू उपसलेल्या जागी तळाला खड्डे असतात : गुडघाभर पाण्यातून एक पाऊल पुढे टाकलं की डोक्यावरून पाणी. नदीवर किंवा येलदरी धरणावर गेलात तर लहान मुलाचा हात सोडायचा नाही, आणि मोठ्यांनीही अनोळखी पाण्यात उतरायचं नाही. धरणाचे दरवाजे उघडायचे असतील तेव्हा नदीपात्राच्या जवळही नको. कुणी बुडत असेल तर मागे उडी टाकू नका, ओढणी, दोर, काठी, रिकामा कॅन फेका. आणि मुलांना पोहायला शिकवा. पोहणं शिकणं वेळ वाया घालवणं नव्हे, असं हदीसमध्ये आलं आहे.

*ऊन.* एप्रिल-मेमध्ये परभणीचा पारा ४२-४३ अंशांच्या वर जातो. त्या दिवसांत असर लगेच बाहेर पडायचं नाही. फजरनंतरचा तास घ्या, किंवा ऊन पूर्ण उतरल्यावर निघा. पाण्याची बाटली प्रत्येकाची वेगळी. मूल मलूल झालं, अंग तापलं, बडबडू लागलं किंवा गुंगीत गेलं तर सावलीत न्या, ओल्या कपड्यानं अंग पुसत राहा आणि लगेच दवाखाना गाठा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

*वीज.* मृगाच्या आधी-नंतर आपल्या मराठवाड्यात विजा पडतात. गडगडाट ऐकू आला की खेळ बंद, पक्क्या घरात. एकट्या झाडाखाली कधीच थांबायचं नाही. पुण्याच्या हवामान संस्थेनं बनवलेलं 'दामिनी' ॲप जवळपास वीज पडण्याची सूचना देतं, एका मोठ्याच्या फोनमध्ये ते असू द्या.

*साप आणि कुत्रा.* दगड, काडी-कचरा, बिळं यांत हात घालायचा नाही. साप चावला तर जखम चिरायची नाही, चोखायची नाही, झाडफुंक करत बसायचं नाही. मुलाला हलू न देता थेट सरकारी दवाखाना, किंवा १०८ ला फोन. कुत्रं चावलं, नुसतं ओरखडलं तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी इंजेक्शन सुरू करा. हळद, मिरची, चुना काही लावू नका.

*मगरिब.* संध्याकाळ दाटू लागली की लेकरांना आत घ्या, ही नबींची (स.) शिकवण आहे, आणि आपल्या दाद्या ती अजून पाळतात. परत यायची वेळ त्यामुळे आपोआप ठरते. मुलांना आधीच सांगून ठेवा : अजानच्या आधी घर. रडारड कमी होते.

इतकी काळजी वाचून कुणी घाबरून घरातच बसायचं ठरवू नये. ही यादी मुलांना सोडायचं कसं हे सांगण्यासाठी आहे, अडवण्यासाठी नाही. रस्ता ओलांडायला शिकवतो म्हणून आपण रस्ता बंद करत नाही.

या सदराच्या वाचकांकडे एकच मागणी आहे. हा अंक मिटल्यावर घरात बसून ठरवा : आठवड्यातले कुठले दोन दिवस, कुठली जागा, शेजारचं कुठलं घर सोबतीला. कागदावर लिहून फ्रिजवर नाही तर दाराच्या मागे लावा. महिनाभर करून पाहा. जास्त नको, दोन असर. त्यात मुलगी आहे का, एवढं मात्र त्या कागदावर तपासून घ्या.

अल्लाह आपल्या लेकरांना तंदुरुस्ती देवो, त्यांच्या डोळ्यांत आपली निशाणी ओळखण्याची नजर देवो, आणि त्यांच्या माथ्यावर आई-बापाची सावली कायम ठेवो. आमीन.